काचेमागचा सदरा

दादा,

काल तुझी तेरवी आटोपली. मांडववाला सकाळीच येऊन खुर्च्या आणि सतरंज्या घेऊन गेला. स्वाती आत झोपली आहे. परदेशातून धावत आलेल्या लेकीची झोप तेरा दिवसांत काही जागेवर आलेली नाही. तांडापेठेतल्या तुझ्या घरात आज पहिल्यांदा मी एकटा बसलो आहे. समाजाच्या मासिकाला तुझ्यावर लेख हवा आहे. संपादकांनी फोनवर यादीच वाचून दाखवली: जन्म, शिक्षण, हातमागावरची पन्नास वर्षं, विणकर सोसायटीतली कामगिरी, मागे राहिलेला परिवार. मी बरं म्हटलं. जन्मभर शाळेत पोरांकडून निबंध लिहून घेणाऱ्या मास्तराला धाकटा भाऊ म्हणून एवढं जमायला हवं, असं त्यांनाही वाटलं असणार.

ते काही लिहून झालं नाही. कागद पुढे घेतला की मला एक सदराच दिसतो. तुझा नव्हे, काचेमागचा. कोणाचा ते तुला ठाऊक आहे. म्हणून हे तुलाच लिहितो. वर कुठे बसून तू वाचत असशील, असं मी मानत नाही. तूही मानत नव्हतास. वहिनी गेल्या तेव्हा पिंडाला कावळा शिवेना, तर तू भटजींना सरळ म्हणालास, "महाराज, त्याले त्याचं काम असन. आपण आटपू."

दोन वर्षांपूर्वी आपण स्वातीकडे म्युनिचला गेलो ते तुझ्या एका अटीवर. ती फोनवर तिकिटाचं बोलायला लागली की तुझं ठरलेलं उत्तर होतं, "सुधाकर येत असन तर येतो. मले तिथं बोलता कोणाशी येते?" म्हणजे मी आलो तो तुझी जीभ म्हणून. हे मी आज लिहितो आहे, तेव्हा मात्र माझ्या डोक्यात वेगळंच होतं. धरमपेठेत फ्लॅट घेतलेला, निवृत्त, इंग्रजी बोलणारा मी, अडाणी मोठ्या भावाला परदेश दाखवतो आहे, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. तू तर म्हणायचासच की धरमपेठेत गेल्यापासून माझं मराठी साबणानं धुऊन निघालं आहे.

पहिल्या आठवड्यात तिने आपल्याला महाल दाखवले, तळी दाखवली, बागा दाखवल्या. तू सगळीकडे मान डोलावलीस आणि कुठेच काही विचारलं नाहीस. मग स्टेशनात एका फळीवर लावलेली पत्रकं चाळताना तुझ्या हाती एक काळं-पांढरं पत्रक लागलं. तारेचं कुंपण आणि एक बुरूज.

"हे काय आहे वं?" तू स्वातीला विचारलंस.

तिने सांगितलं. ती छळछावणी होती. महायुद्धाच्या आधीपासून तिथे माणसं कोंडून ठेवली होती, राबवली, मारली. आता ती जागा तशीच राखून ठेवली आहे, गाईड घेऊन जातात, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. "पण बाबा, तुम्हाला नाही झेपणार ते."

तू पत्रकाची घडी घालून खिशात ठेवलीस. "झेपन. महाल त लय पाहून झाले."

तिला ऑफिस होतं. तिने आपली दोघांची नावं इंग्रजी बोलणाऱ्या गाईडच्या गटात लिहिली आणि मला बजावलं, "काका, बाबांना सगळं समजावून सांगा हं." मी म्हटलं, तू काळजीच करू नको.

चौकातल्या घड्याळाखाली जमायचं होतं. पंधरा-वीस माणसं होती. गाईड बाई चाळिशीतली, आवाज शांत, हातात काही निशाण-बिशाण नाही. तिने सगळ्यांच्या छातीवर एकेक गोल कागद चिकटवला. तुझ्या स्वेटरवर तो टिकेना, तर तू सेफ्टी पिन काढून टोचलास. आधी ट्रेन, मग बस. तुझ्या मांडीवर डबा होता, पोळ्या आणि बटाट्याची भाजी. बसमध्ये ती म्हणाली की आत कोणी काही खाऊ नये, तशी तू डबा पिशवीत अगदी तळाशी घातलास, जणू त्याचा वासही बाहेर येऊ नये. आपल्या पुढच्या सीटवर काठी घेतलेली एक म्हातारी बाई एकटीच होती. तिचा काका तिथून परत आला नव्हता, एवढं ती गाईडशी बोलताना माझ्या कानावर पडलं. मी ते तुला सांगितलं. त्यानंतर दिवसभर तू तिच्या पुढे एकदाही चालला नाहीस.

फाटकावर लोखंडी अक्षरं होती. मी अर्थ सांगितला, कामाने मुक्ती मिळते. तू बराच वेळ वर बघत राहिलास. म्हणालास, "हे लिहिणाऱ्यानं काम केलं नसन कधी. कामानं त कंबर जाते." मला हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली, आणि त्या लाजेचा राग मी तुझ्यावर काढला. "हळू बोल जरा," मी म्हणालो. त्या दिवशीचं माझं वागणं तिथूनच बिघडायला लागलं होतं.

आत मोकळं मैदान, खडी पसरलेली. रोज इथे उभं करून मोजत, आणि रात्रीतून कोणी मेला असेल तर त्यालाही उचलून आणून रांगेत ठेवावं लागे, कारण आकडा जुळायला हवा, असं तिने सांगितलं. मी ते तुला अर्धंच सांगितलं. तू म्हणालास, "ती त लय बोलली. तू एवढंसंच सांगून राहिला." मी म्हटलं, "बाकीचं तेच ते आहे." दादा, अर्धा दिवस मी तुला असंच उपाशी ठेवलं. मला ऐकायचं होतं, माझं लक्ष तुटत होतं, म्हणून.

मग ती मोठी इमारत, आणि ते दालन. काचेच्या कपाटात एका कैद्याचा सदरा टांगलेला. निळसर आणि पांढुरक्या उभ्या पट्ट्या, खांद्याशी विटलेला, एका बाहीला ठिगळ. सगळे छातीवरच्या नंबराकडे बघत होते. तू चष्मा कपाळावर सरकवलास, खाली वाकलास आणि बटणांच्या पट्टीपाशी नाक काचेला लागेपर्यंत गेलास. तिथे शिंप्याने कापडाचा काठ तसाच दुमडून वापरला होता. काठ पाहिला की विणणाऱ्याचा हात कळतो, असं तू लहानपणापासून मला सांगत आलास. मी नुसता हो म्हणायचो, मला कधी काही कळलं नाही.

"सुधाकर, हे पाहा. इथं ताण्याचा, उभा धागा तुटला होता. त्यानं जोडला. गाठ दिसते का तुले? बारीक गाठ आहे, चांगल्या कारागिराची. सोडून दिला असता तरी कोण पाहत होतं?" आणि मग माझी बाही धरून, "तिले विचार ना, हे कोणं विणलं? अन् त्याले मालूम होतं का, कोणासाठी विणून राहिला ते?"

मी म्हटलं, "थांब. नंतर."

ती दुसरंच काही सांगत होती आणि मला मधेच बोलायचं नव्हतं. तू थांबलास. थोड्या वेळाने पुन्हा माझी बाही ओढलीस. मी पुन्हा नंतर म्हटलं. तिसऱ्यांदा तू मला विचारलं नाहीस. तू स्वतःच तिच्यासमोर जाऊन उभा राहिलास, काचेकडे बोट केलंस आणि बोललास, "मॅडम, व्हेरी गुड क्लॉथ. हॅन्डमेड?"

तुला बोलता येणारं सगळं इंग्रजी एवढंच होतं. हातमागाच्या प्रदर्शनांत सोसायटीच्या स्टॉलवर उभं राहून वीस-पंचवीस वर्षं तू हेच म्हणत आलास. माणूस थांबवायचा तो ह्याच शब्दांनी, मग पुढचं बोलणं. तुला तिला थांबवायचं होतं. पुढे विचारायचं होतं. हे मला आज इतकं स्वच्छ कळतं की कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

कोणीतरी पोरगी दुसरीकडे बघायला लागली. ती काठीवाली बाई वळून तुझ्याकडे बघत राहिली. गाईडचा चेहरा आधी ताठला, मग तिने माझ्याकडे पाहून नीट, सावकाश विचारलं की यांना काय म्हणायचं आहे. ती खरंच विचारत होती, दादा. दार उघडं होतं.

आणि मी म्हणालो, "सॉरी. ही इज ओल्ड. ही डझन्ट अंडरस्टँड."

तुला कळलं. ओल्ड तुला येत होतं. आणि अंडरस्टँड तर तुला गिऱ्हाइकांनी जन्मभर ऐकवलेलं. तू चष्मा डोळ्यांवर घेतलास, तिला दोन्ही हात जोडलेस आणि मागे जाऊन भिंतीशी उभा राहिलास. पुढचं काहीच तू मला विचारलं नाहीस. प्रेतं जाळायची ती भट्टीची जागा, ते लाकडी फळ्यांचे बिछाने, सगळीकडे तू हात मागे बांधून माझ्या दोन पावलं मागून आलास.

परतीच्या बसथांब्यावर ती म्हातारी बाई काठी टेकत माझ्याकडे आली. म्हणाली, तुमच्या भावाला काहीतरी विचारायचं होतं, काय होतं ते? तू तिथे बाकावर बसला होतास, डबा मांडीवर, अजून न उघडलेला. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हणालो, "नथिंग." तिने तुझ्याकडे बघून मान लववली आणि ती गेली.

स्वातीच्या घरी तू तो डबा उघडलास आणि गार पोळी खाता खाता शांतपणे म्हणालास, "तू विचारलंच नाही ना गा." मी तावातावाने बोललो. अशा जागी कापडाची तारीफ करतात का? लोकांना काय वाटलं असेल? आणि विणणाऱ्याचा काय दोष, तो पोटासाठी विणतो, कोणी घालावं हे त्याच्या हातात असतं का? तू म्हणालास, "दोष कुठं म्हणून राहिलो मी? मालूम होतं का, एवढंच विचारून राहिलो." मग पाणी प्यायलास आणि सांगितलंस की एका वर्षी सोसायटीला जेलच्या कपड्याचा ठेका मिळाला होता. सहा महिने तू पट्ट्यांचं कापड विणलंस. मला ह्याचा पत्ताच नव्हता. मी तेव्हा कॉलेजात होतो. "तेव्हा मी कोणाले काही विचारलं नाही. माल चोख दिला. धागा तुटला की जोडला. त्या माणसानंबी तसंच केलं असन."

मी म्हटलं, "त्याचं-तुझं एक आहे का? तू फार विचार करतोस." आणि टीव्ही लावला.

त्या सहा महिन्यांच्या कापडावर मी बी. ए. झालो, हे मात्र मला त्या दिवशी सुचलं नाही. तू सातवीतून शाळा सोडून मागावर बसलास तेव्हा मी शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायचो. जरा मोठा झालो तशी तू ती कांडी माझ्या हातून काढून घेतलीस, "तू वाच, हे मी पाहतो." तुझ्या मागावर ये-जा करणाऱ्या धोट्याच्या ठेक्यावर मी स्पेलिंग पाठ केली. पहिल्या प्रदर्शनाला परगावी गेलास तर येताना स्वतःसाठी काही आणलं नाहीस, माझ्यासाठी जाडजूड इंग्रजी डिक्शनरी आणलीस, आणि अख्ख्या मोहल्ल्याला दाखवत फिरलास. माझ्या तोंडातलं इंग्रजी तू विणलेलं आहे. तुझ्यासाठी ते वापरायची एकदाच वेळ आली आणि मी ते तुझ्यावरच वापरलं. तुझे उपकार मानायलाही तोंड राहिलेलं नाही.

नागपूरला आल्यावर तू भांडलास असं नाही. रविवारी मी यायचो, चहा व्हायचा, आणि निघताना तू चप्पल शोधून देता देता म्हणायचास, "त्या गाईड बाईले एक चिठ्ठी लिहून टाक ना. तुले काय, दहा मिनिटाचं काम." स्वातीने ईमेलचा पत्ताही पाठवला होता. मी दर वेळी हो म्हणायचो. लिहायला बसलो की पहिलंच वाक्य अडायचं. प्रश्न लिहायचा तर आधी हे लिहावं लागणार होतं की त्या दिवशी मी खोटं बोललो, माझ्या भावाला सगळं समजत होतं, त्या दालनातल्या कोणाहीपेक्षा जास्त समजत होतं. हे लिहायला मला दोन वर्षं पुरली नाहीत. तू तो माझा आळस समजलास. तसंच समजून गेलास, तर बरं.

मग तो ताप, तो दम आणि ते हॉस्पिटल. काचेच्या दारापलीकडे तू, तोंडावर मास्क, अंगावर निळ्या पट्ट्यांची चादर. तिसऱ्या दिवशी मला पाच मिनिटं आत सोडलं. तुझे डोळे अर्धवट मिटलेले होते, पण उजव्या हाताची दोन बोटं चादरीच्या काठावरून सरकत होती. थोडं सरकायची, थांबायची, चिमटीत धरायची, पुन्हा मागे यायची. मला बघताक्षणी कळलं. तू धागे मोजत होतास. जन्मभर तू कोणाच्याही घरी गेलास की आधी पडदा नाहीतर चादर अशीच चिमटीत धरायचास, आणि वहिनी तुझ्यावर डोळे वटारायच्या.

नर्स आली. चांगली मुलगी होती, कन्हानची, बोलण्यात माया होती. "आजोबा, सोडा ना चादर. सर, हे दिवसभर असंच करून राहिले. कन्फ्युज झाले. नळ्या ओढतीन एखाद्या वेळी. हात बांधावे लागतीन, तुमची सही पाहिजे."

मी सांगू शकलो असतो. हे विणकर आहेत, बाई. ते गोंधळलेले नाहीत, कापड बघताहेत. दोन मिनिटं त्यांचा हात मी धरतो. एवढंच सांगायचं होतं, आणि तेही मराठीत. पण बाहेर पाच मिनिटांची घंटा झाली होती, डॉक्टर उभे होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "हो. वय झालंय. आता त्यांना समजत नाही."

बोलताना मलाच ते ऐकू आलं. तुझी बोटं थांबली. डोळे पूर्ण उघडून तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. रागाने पाहिलं असतंस तर मी आज शांत झोपलो असतो. तिने मऊ पट्टीने तुझी दोन्ही मनगटं पलंगाच्या दांडीला बांधली. मी सही केली. तिचं काहीच चुकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन केला, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा हात सोडलेले होते.

मी हे कोणालाच सांगितलेलं नाही, स्वातीलाही नाही. ती परवा म्हणाली, "काका, बाबांची ती चिठ्ठी राहिलीच. अजूनही लिहा ना, उत्तर येईल." येईलही कदाचित. कोणाला वाचून दाखवू? उत्तराची मला कधीच गरज नव्हती, ती तुला होती. माझ्या वयाला आता असलं काही सुधारायचं राहत नाही. लोक म्हणतात, दिवस गेले की सोपं होतं. मला तसं काही दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर ते सोपं व्हावं असा माझा हक्कही नाही.

एक मात्र सांगायचं आहे. आपले बाबा गेले तेव्हा त्यांच्यावर घातलेलं कापड तू स्वतः विणलेलं होतं. आपल्या घरी तशीच रीत होती. तुझ्या वेळी घरात हातमागाच्या कापडाचा एक वारही निघाला नाही. माग कधीचाच मोकळा करून टिनाखाली ठेवलेला. म्हणून त्या सकाळी मीच गोळीबार चौकातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने पांढऱ्या कापडाचा गठ्ठा पुढे ढकलला. तू करायचास तसा मी त्याचा काठ चिमटीत धरला. बोटं सरकवून पाहिली. मला काहीच कळलं नाही. गाठ नाही, तुटलेला धागा नाही, कोणाचा हात नाही.

मी विचारलं, "हे कोणं विणलं गा?"

"काय मालूम काका, गठ्ठ्यातून येते," तो म्हणाला. "काहून?"

दुकानात गर्दी होती. बाहेर मंडळी खोळंबली होती.

मी म्हणालो, "काही नाही." आणि त्याला कापड फाडायला सांगितलं.